आगगाडीने आलेला टेनर

माझा भाऊ हेडली क्रॅबट्री ऑपेरात गायचा आणि आठवड्यातून दोन-तीनदा पहिल्याच अंकात मरायचा. मोठे टेनर शेवटच्या अंकात मरतात, तेही प्रेमापायी, आणि मरता मरता बराच वेळ गातात. हेडली त्या पायरीला कधी पोचला नाही. त्याला पहिल्या अंकात कोणीतरी तलवार खुपसायचं, तो दोन ओळी गायचा, पडायचा, आणि पडदा पडला की विंगेत जाऊन चहा प्यायचा. मग मिशी काढून तिसऱ्या अंकात पाद्री म्हणून परत यायचा. लोकांच्या ते लक्षात यायचं नाही. एकदा मी ब्रॅडफर्डला त्याचं काम बघायला गेले होते. माझ्याही लक्षात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो खरोखरीच गेला. पेपरात चार ओळी आल्या, ‘फिरत्या ऑपेरा कंपनीतील माजी गायक’ म्हणून. लीड्सहून एक गृहस्थ आले. जुन्या गायकांबद्दल काहीतरी लिहीत होते. मी त्यांना चहा दिला. त्यांनी विचारलं, “तुमच्या भावाचं सगळ्यात मोठं गाणं कुठलं म्हणाल?”

“एबेनेझर चॅपलमधलं,” मी म्हटलं. “इथेच, होल्मरॉइडला. टेकडीच्या वळणावर आहे.”

गृहस्थांनी पेन खिशात ठेवलं आणि केक छान झालाय म्हणाले. केक साधाच होता. तेव्हा आता मीच सांगते.

आमच्या खोऱ्यात खर्जातले आवाज दगड उचलला की खाली सापडतात. टेनर सापडत नाही. पुरुषाच्या गळ्यातली ती वरची पट्टी आमच्या धुक्याला मानवत नसावी. त्यामुळे चॅपलं, म्हणजे आमची छोटी प्रार्थनाघरं, एकमेकांचे टेनर पळवायची, आणि ज्याच्या घरात टेनर त्याचा तोरा काय विचारता. आमचे वडील, अमोस क्रॅबट्री, लोकरीच्या गिरणीत मुकादम होते आणि एबेनेझरच्या क्वायरचे, म्हणजे तिथल्या गायकवृंदाचे, मास्तर. पोटासाठी गिरणी, बाकी सगळं क्वायर. पंधराव्या वर्षी हेडलीचा आवाज फुटला, काही महिने कोंबड्यासारखा इकडेतिकडे गेला आणि एके दिवशी वर जाऊन बसला. त्या रविवारी बाबांनी पुडिंग दोनदा मागून घेतलं. बोलले काही नाहीत. आमच्याकडे कौतुक तोंडाने करायची पद्धत नव्हती. अजून नाही.

हेडली गिरणीत लागला आणि यंत्रांच्या वर आवाज काढून गायला लागला. पुढे समुद्रकाठच्या एका स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं आणि परीक्षकांनी त्याला एका फिरत्या ऑपेरा कंपनीत चिकटवून दिलं. त्याने घरी सांगितलं तेव्हा बाबा बूट पुसत होते.

“तोंडाला रंग फासायचा,” बाबा म्हणाले, “तंग तुमान घालायची, परक्या भाषेत बोंबलायचं आणि खोटं खोटं मरायचं. याला काम म्हणतात होय?”

“गाण्याचंच काम आहे ना, बाबा.”

“गाणं इथे आहे. तिथे तुमान आहे.”

हेडली तरीही गेला. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी यायच्या आधी तो म्हणाला, “डोरा, मी कुठेही गायलो ना, तरी एक राहणारच. बाबांच्या तालाच्या छडीखाली मला एकदा गायचंय. क्वायरमध्ये घोळक्यात नाही. पुढे, एकट्याने उभं राहून.”

“मग चुकीच्या गाडीत बसतोयस,” मी म्हटलं. पण खरं तर इथे राहिला असता तरी ते जमलं नसतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्याचं कारण असं. नाताळाच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे मोठं गायन असतं. त्याला खरं नाव आहे, पण ते कोणी घेत नाही, मोठं गायन म्हटलं की पुरे. क्वायर मागे बसतं आणि पुढे चार मुख्य गायक उभे राहतात, दोन बायका, दोन पुरुष. माझ्या आजोबांच्या काळात पुढचा टेनर कोण, यावरून एबेनेझरमध्ये दोन घराण्यांत भांडण लागलं. भांडण इतकं वाढलं की अर्धं चॅपल उठून रस्त्यापलीकडे गेलं आणि त्यांनी स्वतःचं चॅपल बांधलं. तेच सालेम. देव तोच, गायन तेच, फक्त आपसात बोलायचं नाही. तेव्हापासून एबेनेझरचा नियम ठरला: मुख्य गायक बाहेरचा. तो आगगाडीने येतो. गोल टोप्या घातलेली कमिटीची दोन माणसं त्याला स्टेशनवर घ्यायला जातात. चॅपलमागच्या खोलीत त्याला हॅम आणि चहा देतात. तो गातो, आणि गायन झाल्यावर क्वायरमास्तर स्वतः त्याची बॅग उचलून त्याला गाडीवर पोचवतात. घरचं माणूस पुढे उभं राहायचं नाही म्हणजे नाही.

गाडीवर पोचवण्यातसुद्धा मेख होती. गाणं नुसतं बरं झालं असेल तर बाबा हात मिळवून म्हणायचे, “पायरी सांभाळा.” गाणं खरोखर आवडलं असेल तर म्हणायचे, “पुढच्या वर्षी पुन्हा यावं, अशी आमची इच्छा आहे.” हे दुसरं वाक्य ऐकून गेलेले टेनर माझ्या उभ्या आयुष्यात दोन. दोघांची नावं गावात अजून घेतात. बाकी सगळे पायरी सांभाळत गेले.

हेडलीची कंपनी नाताळाच्या सुमारास आठवडाभर बंद असायची. तो दर वर्षी घरी यायचा, क्वायरच्या मागच्या रांगेत बसायचा आणि पुढे उभ्या असलेल्या बाहेरच्या टेनरकडे बघायचा. तोवर कंपनीत त्याला मुख्य टेनरचा राखीव म्हणून ठेवलं होतं. राखीव म्हणजे सगळं पाठ करायचं, घसा जपायचा, रोज संध्याकाळी तयार बसायचं आणि मुख्य टेनरला साधी शिंकही येत नाही हे बघत राहायचं. सगळ्या वर्षांत एकदाच त्या माणसाच्या घशात माशाचा काटा अडकला. स्कारबरोचा दुपारचा खेळ, बाहेर धो धो पाऊस. हेडली नायक झाला आणि शेवटच्या अंकात मरून दाखवलं. तिथल्या पेपराने लिहिलं, ‘समाधानकारक’. काटा रात्रीपर्यंत निघाला.

आणि इकडे आमच्याकडे कसले कसले टेनर यायचे! एक जण वरचा सूर लावायच्या आधी टाचा उचलायचा, सूर मात्र खालीच राहायचा. एकाने बाबांनाच ताल शिकवायला घेतला, त्याला पायरीसुद्धा सांभाळायला सांगितलं नाही. मी एकदा न राहवून विचारलं होतं, “बाबा, हेडली याच्यापेक्षा बरा नाही का गात?”

“गातो,” बाबा म्हणाले.

“मग?”

“मग काय? मी माझ्या पोराला उभं केलं तर उद्या सटक्लिफ त्याच्या भाच्याला उभं करील. परवा आणखी एक चॅपल. या रस्त्यावर आता जागा नाही.”

त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

आता त्या वर्षाचं. रेशन उठून वर्ष झालं होतं आणि लोक हॅम जरा जाडच कापायला लागले होते. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. छडी धरली की तिचं टोक आपल्याच तालात हलायचं. डॉक्टर म्हणाले, छाती पण बरी नाही, आता पुरे करा. बाबांनी तालमीत जाहीर केलं की हे शेवटचं मोठं गायन, पुढच्या वर्षी छडी दुसऱ्याच्या हातात. मग बाबा म्हणाले, “आल्टो मागे पडतायत,” आणि तालीम पुढे सुरू झाली. मी आल्टो, बायकांच्या खालच्या पट्टीतली. आम्ही मागे पडत नव्हतो.

हेडली तेव्हा चव्वेचाळीसचा. त्याने बातमी ऐकली आणि एवढंच म्हणाला, “म्हणजे मग राहिलंच ते.” मी भांडी घासत होते. एक बशी माझ्या हातून जरा जोरात आपटली.

त्या रविवारी सकाळपासून बर्फ. मुख्य गायकांपैकी तिघं लीड्सच्या बाजूने वेळेवर आली. टेनर मँचेस्टरचा होता. मुळात डोंगरापलीकडून टेनर बोलावणंच गावात अर्ध्या लोकांना पटलं नव्हतं, आणि आता बर्फाने डोंगरावरची लाइन बंद पडली. दुपार व्हायच्या आतच स्टेशनमास्तरने माणूस पाठवून कळवलं की आज पलीकडून एकही गाडी यायची नाही.

चॅपलमागच्या खोलीत कमिटी बसली. मी तिथे पाव कापत होते. चहाचं सगळं खातं मिसेस पिकल्सच्या हातात, आणि मी त्यांच्या हाताखाली. कमिटीचे सेक्रेटरी मिस्टर सटक्लिफ डोकं धरून बसले होते.

“टेनरची गाणी वगळू या,” कोणीतरी म्हणालं.

“पहिलंच गाणं टेनरचं आहे,” बाबा म्हणाले. “वगळलंत तर लोकांना वाटेल सुरूच झालं नाही.”

“सालेमचा तो खाटीक गातो की. ग्रीनवुड.”

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. जो बोलला होता तो उठून शेगडीत कोळसा घालायला लागला.

मी सुरी खाली ठेवली. “हेडली माझ्या स्वयंपाकघरात बसून लापशी खातोय,” मी म्हटलं. “सगळी गाणी त्याला पाठ आहेत. वीस वर्षांपासून पाठ आहेत.”

“तो आपल्यातला आहे, डोरा,” बाबा म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. “नियम आहे.”

“काय नियम आहे हो नक्की?” मिसेस पिकल्स हॅमवरून वर न बघता म्हणाल्या.

“मुख्य गायक बाहेरचा असतो,” सटक्लिफ म्हणाले. “आगगाडीने येतो.”

“मग बसवा की मेल्याला आगगाडीत! डेनथॉर्पपर्यंतची गाडी चालू आहे ना? तिथवर चालत जाऊ दे, तिथून गाडीत बसू दे आणि येऊ दे इथे. तुम्ही दोघं घाला टोप्या आणि जा घ्यायला. आला की नाही बाहेरून?”

मला वाटलं आता सगळे हसतील. कोणी हसलं नाही. सटक्लिफ विचार करायला लागले. बाकीचे सटक्लिफकडे बघायला लागले. गिरणीतली, हिशोबाची, शहाणी माणसं ही. आणि सगळ्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की जणू अडलेली गाय सुटली.

“सालेमवाल्यांना बोट ठेवायला जागा नाही,” सटक्लिफ म्हणाले. “अमोस, तुमचं काय म्हणणं?”

बाबांनी खिडकीबाहेर बर्फाकडे बघितलं. उजवा हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला होता.

“डेनथॉर्पहून गाडी एक पंचवीसला सुटते,” ते म्हणाले.

मी एप्रनसकट घरी धावले. हेडलीला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडात चमचा होता. तो उठला, माझ्याकडे बघितलं, आणि वर जाऊन खेळातला काळा कोट घालून आला. बूट एकच जोड चांगला होता, तो बर्फासाठी नव्हता. “बॅग घे,” मी म्हटलं. “मुख्य गायकाकडे बॅग असते.”

“बॅगेत काय घालू?”

“काही नको घालूस. बाबांना उचलायचीये.”

तो रिकामी बॅग घेऊन बर्फातून डेनथॉर्पला चालत गेला. आणि तिथून पुढच्याच स्टेशनावर, म्हणजे जिथून निघाला होता तिथे, आगगाडीने उतरला. मी तेव्हा खोलीत चहा आणत होते, पण सटक्लिफनी नंतर सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून विचारलं, “प्रवास कसा झाला, मिस्टर क्रॅबट्री?” हेडली म्हणाला, “ठीक झाला. गाडीत थोडा गारठा होता.” सटक्लिफ त्याला लहानपणापासून ओळखायचे. त्यांच्या सफरचंदाच्या झाडावरून हेडली दोनदा पडला होता.

त्याला खोलीत आणलं. बाबा पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला.

“मी अमोस क्रॅबट्री. इथला क्वायरमास्तर.”

“हेडली क्रॅबट्री,” माझा भाऊ म्हणाला. “टेनर.”

“शेगडीजवळ बसावं. बूट ओले झालेले दिसतात आपले.”

मला हसू येईना आणि रडूही येईना. मी किटली उचलली. “साखर किती घेता?” मी माझ्या सख्ख्या भावाला विचारलं.

“दोन चमचे.”

आयुष्यभर तो तीन घेत आला होता. पाहुणा म्हणून भिडस्तपणाने दोन म्हणाला. मी तीन घातले.

बाबांची एक सवय होती. क्वायर गायचं तेव्हा ते उभे राहून छडी चालवायचे. एकट्याचं गाणं आलं की स्टुलावर बसायचे, डावा हात गुडघ्यावर ठेवून दोन बोटांनी ऑर्गनवाल्याला ताल द्यायचे आणि डोळे मिटायचे. गाणं बिघडलं की डोळे उघडायचे. लोक गायकाकडे बघायचेच नाहीत, बाबांच्या पापण्यांकडे बघायचे. चॅपल खच्चून भरलं होतं. पेपरमिंटचा वास येत होता. सालेमचे काही जण मागे उभे होते, टेनर कुठून आणलाय ते बघायला. हेडली पुढे आला आणि सगळ्या चॅपलला कळलं. कोणी हूं की चूं केलं नाही. तो आगगाडीने आला होता.

मग तो गायला. मला गाण्यातलं जे कळतं ते आल्टोतून कळतं, तेव्हा फार सांगत नाही. एवढं सांगते की पहिला सूर त्याने असा हलकेच ठेवला की शेगडीतला कोळसा पडल्याचं ऐकू आलं. वर्षानुवर्षं राखीव बसलेला आवाज होता तो. जपलेला, न वापरलेला. घाई नाही, टाचा उचलणं नाही. वरचा सूर आला तेव्हा मला वाटलं की हा आता थांबला तर बरं, कारण मला श्वास घ्यायचा होता. मी बाबांकडे बघितलं. डोळे मिटलेले. गुडघ्यावरची बोटं थांबली होती. ऑर्गनवाला हेडलीच्या श्वासावर वाजवत होता.

गाणं संपलं. पुढे क्वायरचं होतं. आम्ही सगळे उभे राहिलो. बाबा उठेनात. डोळे मिटून तसेच बसलेले. आम्ही उभे, ते बसलेले. शेवटी ऑर्गनवाला खोकला. बाबा दचकून उठले, छडी उचलली आणि आम्हाला सुरुवात दिली. त्या दिवशी छडी थरथरत होती की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण मला ती नीट दिसत नव्हती. आल्टो मात्र त्या एका वेळी खरंच मागे पडल्या.

चॅपलमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. लोक कोट घालून बाहेर पडले. सालेमचा ग्रीनवुड खाटीक दारात थांबला आणि बाबांना टोपी काढून म्हणाला, “अमोस.” बाबा म्हणाले, “ग्रीनवुड.” दोन चॅपलांमध्ये कित्येक वर्षांत झालेलं हे सगळ्यात लांब संभाषण.

मग स्टेशन. बाबांनी बॅग उचलली. रिकामी बॅग, पण त्यांनी ती कोणाही मुख्य गायकाची न्यावी तशीच नेली, सांभाळून, जमिनीला लागू न देता. छातीचं कारण काढून मी बरोबर गेले. खरं कारण ते नव्हतं. ते वाक्य मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

गाडी आली. बाबांनी बॅग हेडलीच्या हातात दिली. हात मिळवला. सोडला नाही. तोंड उघडलं. गार्डने शिट्टी फुंकली. हेडली बाबांकडे बघत उभा होता, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि चेहरा अगदी दहा वर्षांच्या पोराचा.

“पायरी सांभाळा,” बाबा म्हणाले.

हेडलीने मान हलवली आणि तो डब्यात चढला. गाडी सुटली तेव्हा त्याने खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

घरी येताना मी बाबांचा हात धरला नाही. वळणापर्यंत मी नुसती चालत राहिले, मग राहवलं नाही. “एक वाक्य होतं, बाबा. एक! त्या कार्डिफच्या बोकडाला म्हणाला होतात तुम्ही ते. पोराला म्हणताना जीभ झडली असती का?”

“पुढच्या वर्षी मी नाही, डोरा,” ते म्हणाले. “छडी दुसऱ्याची. ‘आमची इच्छा आहे’ असं मी कुणाच्या वतीने म्हणू? खोटं झालं असतं ते.”

खरेपणाचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही. मी पुढे निघून आले.

घरी बाबांनी कोट काढला नाही. हेडलीच्या सपाता शोधल्या आणि चुलीच्या कडेला तापत ठेवल्या. चहा केला, तो गरम राहावा म्हणून किटलीवर लोकरी टोपी चढवली. मग दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. डेनथॉर्पहून बर्फातून चालत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते तसेच बसून होते.

दार उघडलं. हेडली आत आला. बुटांतून पाणी गळत होतं, हातात रिकामी बॅग. त्याने बाबांकडे बघितलं नाही.

“कुठे होतास रे इतका वेळ?” बाबा म्हणाले.

हेडली थांबला. “जरा डेनथॉर्पपर्यंत गेलो होतो.”

“मग चुकलास तू. आज एक टेनर आला होता आमच्याकडे.” बाबांनी किटलीवरची टोपी नीट केली. “इतकी वर्षं मी त्या स्टुलावर बसतोय. असं गाणं ऐकलं नव्हतं. तू ऐकायला हवं होतंस.”

हेडलीने बॅग खाली ठेवली. अगदी सावकाश. “कोण होता?”

“बाहेरचा होता,” बाबा म्हणाले. “पण चांगल्या घरचा वाटला. पाय पूस आणि बस, चहा निवतोय.”